काळ्या माशाची निळाई

सकाळी सातच्या सुमाराला दुकानाच्या मागच्या दाराशी ट्रक लागतो. ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारातून तो मध्यरात्रीनंतर कधीतरी निघालेला असतो. मेण लावलेल्या पुठ्ठ्याची ओली खोकी एकामागून एक उतरतात. त्यांच्यावर जाड मार्करने ओढलेली अक्षरं असतात : पोर्गी, क्रोकर, बटरफिश. मे महिना लागला की एखाद्या खोक्यावर नुसतं ‘बीएसबी’ असतं. मावशी ते खोकं आधी उघडतात. वरचा बर्फ तळहाताने बाजूला सारतात, नाक जवळ नेतात, अंगठ्याने एका माशाचा कल्ला उचलून आतली लाली बघतात आणि मग जे खरं बघायचं असतं ते बघतात. डोक्यामागे, पाठीचा पर सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे, एखाद्या माशाला टेंगूळ आलेलं असतं. त्या टेंगळावर निळा रंग असतो, मंद केलेल्या गॅसच्या ज्योतीसारखा. दुपारपर्यंत तो टिकत नाही.

बीएसबी म्हणजे ब्लॅक सी बास.

आयसेलिन हे न्यू जर्सीतल्या वुडब्रिज टाउनशिपमधलं एक गाव. शेजारच्या एडिसनपर्यंत पसरलेल्या ओक ट्री रोडवर साड्या, सोनं, मिठाई, ढोकळा, पाणीपुरी यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. मराठी माणूस तिथे गणपतीची मूर्ती, चकलीची भाजणी आणि थंडीत गुळाची ढेप शोधायला जातो. मासळीचं दुकान त्या झगमगाटात नाही, जरा आडबाजूला आहे. शेजारच्या मिठाईवाल्याला वास नको म्हणून त्याचं मागचं दार कायम बंद असतं. मालक केरळचा. काउंटरवर सातपाटीच्या मावशी. मराठी गिऱ्हाइकांच्या त्या ‘मावशी’, बाकी साऱ्या हिंदुस्थानच्या ‘आंटी’.

सातपाटी म्हणजे पालघर जिल्ह्यातलं पापलेटचं गाव. मावशींनी तिथे तीस वर्षं मासळी हाताळली. बंदरावर बोट लागली की पाटी डोक्यावर घ्यायची, सोसायटीत माल द्यायचा, उरलेला बाजारात विकायचा. सोसायटीत पापलेटला वजनाच्या वर्गवारीप्रमाणे भाव मिळे, त्यामुळे मासा हातात आला की वजन सांगता आलं पाहिजे, हे शिक्षण लग्नाआधीच झालेलं. नवरा गेला, बोट विकली गेली. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाल्यावर त्याने आईला बोलावून घेतलं. मेट्रोपार्क स्टेशनच्या आसपास काचेच्या इमारती आहेत, त्यांतल्या एकीत तो काम करतो. दोन महिने मावशींनी खिडकीतून पार्किंग लॉट बघितला. तिसऱ्या महिन्यात सुनेबरोबर मासे घ्यायला गेल्या. काउंटरवरचा पोरगा सुरमईच्या तुकड्या तिरक्या कापत होता. मावशींना राहवलं नाही. त्यांनी हाताने दाखवलं : अशी नाही, अशी. मालकाने ते बघितलं. पुढच्या सोमवारपासून कामावर.

काम तेच, पण अंग नवं लावावं लागलं. सातपाटीत पाटावर बसून, विळी पायाखाली दाबून मासा विळीकडे न्यायचा. इथे उभं राहून सुरी माशाकडे न्यायची. डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा, पायात रबरी बूट, डोक्यावर जाळी. भारतातून आणि बांगलादेशातून गोठून आलेले मासे दगडासारखे टणक असतात. त्यांना उभ्या पट्ट्याच्या विजेच्या करवतीवर धरावं लागतं. हाडाचा आणि बर्फाचा भुगा एकदमच उडतो. पहिला महिना मावशी करवतीला घाबरत होत्या. आता मुंडी, शेपूट, तुकड्या यांचा हिशेब डोळ्यांनीच होतो. गिऱ्हाईक ‘करी कट’ म्हणालं की किती बोटं जाडी, हे त्याचं आडनाव ऐकून ठरतं, असं त्या हसत सांगतात.

गोठलेल्या मालाशी त्यांचं फारसं जमलं नाही. पापलेट यायचं ते डोळे पांढरे झालेलं, पोट खपाटीला गेलेलं. लोक तरी तेच मागायचे, कारण नाव ओळखीचं. शेजारी बर्फावर कालपरवा अटलांटिकमधून निघालेली मासळी पडून असायची, आणि तिच्याकडे बघणारं कुणी नसे. मावशींनी तिच्याशी नातं जुळवायला सुरुवात केली. चपटा, चंदेरी बटरफिश हातात घेतला आणि म्हणाल्या, ही पापलेटची धाकटी बहीण. शास्त्राप्रमाणेही दोघं एकाच कुळातली आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. क्रोकर बघून ढोमा आठवला, तेही बरोबर. ठिपक्यांचा स्पॅनिश मॅकरल सुरमईचा भाऊबंद, तेही बरोबर. लग्नघरात नवं माणूस आलं की कोळणी त्याची हनुवटी बघून कुणाकडचं ते सांगतात, तसंच हे चाललं होतं.

बीएसबीपाशी मात्र ओळख जरा अडखळली. काळपट अंग, मोठं तोंड, जाड ओठ. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर फिकट ठिपका, आणि ते ठिपके ओळीने आल्यामुळे अंगभर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक रेघा. शास्त्रीय नावातलं ‘स्ट्रायाटा’ त्या रेघांवरूनच आलंय. मावशींनी कल्ल्यात बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं. कल्ल्याच्या झाकणाला मागच्या बाजूने एक चपटा काटा असतो, तो मोज्याच्या जाळीतून थेट आत गेला होता. बोट चोखत त्या म्हणाल्या, “हा हेकरूच्या घरचा.” कोकणातल्या खडकांत राहणारा हेकरू असाच काटेरी आणि तोंडाळ. मालक आखातात दहा वर्षं काढून आलेला. तो म्हणाला, “हामूर.” अरबी किनाऱ्यावर हेकरूच्या भावंडांना तेच नाव आहे. संध्याकाळी एक बंगाली गृहस्थ पाटीवरचं ‘सी बास’ वाचून आनंदले. “भेटकी?” भेटकी म्हणजे आपला जिताडा. इंग्रजीत त्याला आशियाई सी बास म्हणतात, पण या काळ्या माशाशी त्याचं काही नातं नाही. एक मासा, तीन नावं, त्यातली दोन बरोबर.

मावशींनी पाटीवर मराठीत ‘काळा मासा’ लिहावं म्हटलं, तर मालकाने हात धरला. या किनाऱ्यावर ब्लॅकफिश म्हणजे वेगळाच मासा. टॉटॉग नावाचा, जाड दातांचा, शिंपले फोडून खाणारा. त्याची जिवंत चोरटी विक्री इतकी वाढली की आता विकायच्या प्रत्येक टॉटॉगच्या कल्ल्याला नंबरची पट्टी अडकवावी लागते. नाव चुकलं तर निरीक्षक दारात. पाटीवर शेवटी ‘हेकरूसारखा’ असं आलं. मराठी बायका वाचून थांबू लागल्या.

खरी भानगड गाबोळीची झाली.

मे महिन्यात ताज्या माशाची गाबोळी मिळते म्हटल्यावर मालवणी, कोळी, सारस्वत सगळेच शनिवारी काउंटरवर. प्रत्येकाला मोठा मासा हवा, कारण मोठ्या माशात मोठी गाबोळी, हा साधा हिशेब. मावशी मोठा, टेंगूळवाला मासा फाडायच्या आणि आत गाबोळी नसायची. निघायचा तो पांढरा, दुधाळ लपका, म्हणजे नर. मध्यम आणि लहान मासे फाडले की केशरी गाबोळी. पहिल्या आठवड्यात योगायोग वाटला. सहा आठवड्यांत शेकडो पोटं फाडल्यावर मावशींनी मालकाला सांगितलं, “यांच्यात मोठी बाई नाही. बायका सगळ्या लहान, आणि बाप्ये सगळे मोठे. मग या बायका मोठ्या होऊन जातात कुठे?”

मालक हसला. दर शनिवारी येणारा एक मराठी पोरगा, आयटीतला, मासेमारीचा नाद असलेला, हसला नाही. त्याने फोनवर अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी सागरी संस्थेचं पान काढलं आणि तिथेच मराठीत वाचून दाखवलं. ब्लॅक सी बासची बहुतेक पिल्लं मादी म्हणून जन्माला येतात. दोन ते पाच वर्षांची झाली की त्यांतल्या अनेकांचा नर होतो. मादी एका हंगामात ३०,००० पासून ५ लाखांपर्यंत अंडी घालते. पुढे ते अंडाशय आटतं आणि त्या जागी नराचा अवयव तयार होतो. विणीच्या काळात वरचढ नराच्या डोक्यामागे टेंगूळ येतं आणि अंगावर निळा रंग चढतो. म्हणजे मोठ्या बायका कुठे जात नव्हत्या. त्याच टेंगूळ घेऊन बर्फावर पडलेल्या होत्या.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या जिताड्याचं काय?” त्यांचं आजोळ अलिबागकडचं. तिकडच्या खाडीतला जिताडा म्हणजे पाहुण्याची पायरी ठरवणारा मासा, जावयाला मुंडी. पोराने पुन्हा शोधलं. जिताड्याचं बरोबर उलटं. तो नर म्हणून वाढतो आणि मोठा झाला की मादी होतो. मोठ्या जिताड्यात गाबोळी मिळते ती त्यामुळेच. बंगाली गृहस्थ ज्याला भेटकी समजून घेऊन गेले होते तो मासा एका दिशेने जातो, आणि खरी भेटकी दुसऱ्या दिशेने. आणि हेकरू? तो या काळ्या माशासारखाच, आधी मादी मग नर. मावशींचं बोट चोखत केलेलं निदान नाकाडोळ्यांपुरतं नव्हतं, पोटापर्यंत खरं निघालं.

त्या पोरानेच पुढे एकदा विचारलं, “मावशी, जिवंत बघितलाय का कधी?”

सातपाटीत बाई बोटीवर जात नाही. बाप्ये दर्यात, बायका बंदरावर, अशी वाटणी. तीस वर्षांत हजारो पापलेटं मावशींच्या हातांखालून गेली, ती सगळी मेलेली. पाण्यातून वर येणारा मासा त्यांनी बघितला नव्हता. मुलगा म्हणाला, या वयात बोट कशाला. सून म्हणाली, मी डबा देते.

२०२४ च्या जूनमधला एक सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस. पहाटे पाचला पोराबरोबर गार्डन स्टेट पार्कवे धरला. मेट्रोपार्कचं एक्झिट १३१, बेलमारचं ९८. या रस्त्यावर एक्झिटचे आकडे मैलांवरूनच दिलेले आहेत, म्हणजे तेहतीस मैल. बेलमारच्या धक्क्यावर पार्टी बोटी उभ्या होत्या. नाव पार्टी, पण नाचगाणं नाही. तिकीट काढायचं, गळ-आमिष बोटीवरच मिळतं, कठड्याला ओळीने उभं राहून मासे पकडायचे. इथे खाऱ्या पाण्यातल्या हौशी मासेमारीला परवाना लागत नाही, फक्त राज्याच्या यादीत नाव नोंदवायचं, तेही फुकट. बोटीवर पंचवीसेक माणसं. साडीवरून जॅकेट घातलेली एकच.

मदतनिसाला इथे ‘मेट’ म्हणतात. त्याने बादलीतून शिंपल्याच्या मांसाच्या पट्ट्या दिल्या आणि आकड्याला कशा लावायच्या ते दाखवू लागला. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मावशींचे दोन्ही आकडे तयार होते. तो बघत राहिला.

न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्राचा तळ बहुतेक वाळूचा आहे. थंड पाणी, सपाट तळ, आडोसा नाही. रंगीत मासा म्हटलं की डोळ्यांपुढे अंदमान आणि प्रवाळ येतं, पण समशीतोष्ण पाण्यातल्या या माशाला प्रवाळ लागत नाही. त्याला लागते आडोशाची जागा : खडक, बुडालेलं जहाज, लोखंडाचा सांगाडा. थंडीत तो खंडमंचाच्या काठाशी खोल पाण्यात जातो, वसंतात किनाऱ्याकडे परततो. हे ओळखून राज्याने १९८४ मध्ये तळावर कृत्रिम खडक उभारायला सुरुवात केली. जुनी जहाजं, काँक्रीट, लष्कराचे निकामी रणगाडे तिथे नेऊन सोडले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे ‘रेडबर्ड’ नावाचे २५० लाल डबेही दारं-खिडक्या काढून समुद्रात सोडले. त्या डब्यांत अ‍ॅस्बेस्टॉस होतं, म्हणून राज्य आधी दोन वर्षं ‘नको’ म्हणत होतं. मावशींचा मुलगा आठवड्यातून दोनदा न्यूयॉर्कला लोकल-सबवे करत जातो. गर्दीत बसायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुरतो. कप्तानाने भोंग्यावर डब्यांची गोष्ट सांगितली आणि पोराने ती मराठीत आणली, तेव्हा मावशी म्हणाल्या, “माशांना मिळाली म्हणायची जागा.”

आणखी एक गोष्ट कप्तानाने सांगितली. नेवार्क-एलिझाबेथ बंदरात मोठी जहाजं यावीत म्हणून किल व्हॅन कल आणि आसपासच्या खाड्यांचा तळ फोडून ५० फुटांपर्यंत खोल केला. ते काम २०१६ मध्ये संपलं. सुरुंगांनी निघालेल्या त्या खडकाचे ढीग बार्जमधून समुद्रात नेऊन शार्क रिव्हर रीफवर टाकले. म्हणजे ज्या वाटेने आयसेलिनच्या दुकानात बासमतीची पोती आणि गोठलेली सुरमई येते, त्या वाटेतला दगड या माशांचं घर झाला होता.

बोट सी गर्ट रीफवर थांबली. भोंगा वाजला. सहा-आठ औंसाचं शिसं तळाला टेकलं. मावशींना दोरीतून ठकठक जाणवली. “दार वाजवतोय,” त्या म्हणाल्या. ओढला तर हातभरसुद्धा नाही. तपकिरी, लहान, पोट किंचित फुगलेलं. मेटने लाकडी पट्टीवर ठेवला. त्या साली न्यू जर्सीत हौशी माणसाला किमान साडेबारा इंच, माणशी १० मासे, हंगाम १७ मे ते १९ जून. जुलै-ऑगस्टमध्ये तर माणशी एकच. या माशाच्या शेपटीच्या टोकाला एक बारीक धागा निघालेला असतो, तो मापात धरायचा नाही. धाग्यासकट साडेबारा भरत होते, धागा सोडला तर नाही. “शॉर्ट,” म्हणत त्याने मासा पाण्यात सोडला. मावशींना ते धाग्याचं प्रकरण भलतंच आवडलं. सोसायटीत वजनकाट्यावर बर्फ धरू नये म्हणून त्या तीस वर्षं भांडल्या होत्या.

नंतर एक आला तो सहज येत नव्हता. पाणी हिरवं होतं. त्यात खाली काहीतरी चमकलं, वळलं, पुन्हा चमकलं. मेटने जाळी घातली आणि मासा फळीवर आपटला.

काळा नव्हताच तो. टेंगूळ निळं, अगदी मोराच्या गळ्यासारखं, आणि ते निळं कपाळावरून डोळ्याभोवती उतरलेलं. कल्ल्यांवर हिरवट झाक. पाठीचा पर ताठ उभा, त्यावर पांढऱ्या रेघा, शेपटीला पांढरी किनार. मासा तोंड उघडत होता तसा रंग हलत होता. मावशींनी त्याला हात लावला नाही. मेट माप घेऊन “कीपर” म्हणाला आणि बर्फाच्या बादलीत टाकला. मावशी बादलीत वाकून बघत राहिल्या. निळं आधी कपाळावरून गेलं, मग डोळ्याभोवतीचं, टेंगळावरचं तेवढं राहिलं. पाच-दहा मिनिटांत दुकानात ओळखीचा असलेला काळा मासा तयार झाला. पोरगा म्हणाला, मावशी तुमचा गळ पाण्यात आहे. त्यांना ऐकू गेलं नाही.

त्या रात्री, म्हणजे सातपाटीच्या सकाळी, त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ तांडेल. जून म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, त्याची बोट ताडपत्रीखाली. मावशींनी पापलेटबद्दल विचारलं, “सरंगा जिवंत असतो तेव्हा कसा दिसतो रे?”

“कसा म्हणजे? सरंग्यासारखा.”

“रंग कसा असतो?”

भाऊ थांबला. चाळीस वर्षं दर्यात, पण हा प्रश्न घरातल्या कुठल्या बाईने कधी केला नव्हता. मग सांगू लागला. पाठ निळसर असते. पोट आरशासारखं, जाळं वर येताना त्यात आपलाच दिवा दिसतो. हात लागला की खवले बोटांना चिकटतात. मावशींना ते चिकटलेले खवले माहीत होते. दिवा माहीत नव्हता.

मग विषय नेहमीच्या वळणावर गेला. पापलेट मिळत नाही. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलं, मान मिळाला, मासा वाढला नाही. बारक्या जाळ्यांत पिल्लंच जास्त येतात. त्या फोननंतर, १९ जूनला, केंद्र सरकारने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. तेव्हापासून भावाच्या बोलण्यात तेच. भराव पडणार, खडपं जाणार, तिथे मासळी वीण करते. मावशींनी बंदराच्या दगडाचा इथे माशांसाठी खडक केला ते सांगितलं. भाऊ म्हणाला, “तिथे खालून काढून दर्यात टाकला. इथे दर्यावरच टाकणार. एकच आहे का ते?” सिंधुदुर्गात निवतीजवळ बुडवण्यासाठी नौदलाने ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त नौका २०२५ मध्ये पर्यटन महामंडळाकडे दिली, तेव्हा भावाने ती बातमी स्वतःहून पाठवली. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं : हेकरूची सोय झाली.

दुकानात या माशावर गप्पा निघाल्या की शेवटी कोट्यापर्यंत जातात. हा मासा एके काळी अति पकडला जात होता. निर्बंध आले, आणि २००९ मध्ये उत्तरेकडचा साठा सावरल्याचं जाहीर झालं. व्यापारी पकडीचे राज्यवार वाटे २००३ मध्ये ठरले : न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया २०-२० टक्के, कनेक्टिकट १ टक्का. पाणी तापत गेलं तसा मासा उत्तरेकडे सरकला. आयसेलिनपासून जवळच असलेल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी या किनाऱ्यावरच्या माशांचं असं सरकणं वर्षानुवर्षांच्या सर्वेक्षणांतून मांडलं आहे. पूर्वी व्हर्जिनियाच्या आसपास असलेलं या माशाचं केंद्र न्यू जर्सीसमोर आलं. कनेक्टिकटच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासा मावेना, पण वाटा तोच १ टक्का. २०२१ मध्ये वाटे फिरवले, कनेक्टिकटचा ३ टक्के झाला.

ही हकीकत ओक ट्री रोडवर समजावून सांगावी लागत नाही. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, मग तो देश केवढाही असो. काउंटरपुढे उभी असलेली अर्धी माणसं त्या रांगेत वर्षानुवर्षं आहेत, तो नाद लागलेला पोरगाही. “मासा इकडे आला, कागद तिकडेच राहिले,” तो म्हणाला, तेव्हा रांगेतले चौघं एकदम हसले. मावशींना हसणं उशिरा कळलं. नागरिकाच्या आईबापांना तो कोटा लागत नाही, त्या वर्षभरात आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पोराच्या पिशवीत दोन मुंड्या जास्त टाकल्या.

विकायचं कसं, हेही त्यांनी हळूहळू बसवलं. चिनी गिऱ्हाईक हा मासा अख्खाच घेतं, आलं आणि कांद्याच्या पातीवर वाफवतं. त्याला डोळे स्वच्छ लागतात, मुंडी काढलेली चालत नाही. मराठी घरात अख्खा मासा ताटात आला की मुलं पळतात. म्हणून मावशी फिले काढून देतात, आणि हाडं-मुंडी वेगळ्या पिशवीत, कालवणाला. मांस पांढरं, घट्ट, काटे मोठे आणि कमी. रवा लावून तळलं तर सुटत नाही. पातळ आमटीत जास्त शिजवलं तर कोरडं पडतं, म्हणून कोकम आधी, मासा शेवटी, आणि उकळी आली की गॅस बंद. हे त्या प्रत्येकाला सांगतात, विचारलं नसलं तरी. श्रावणात खप निम्म्यावर येतो. नारळी पौर्णिमेला मावशी काउंटरच्या कोपऱ्यात एक नारळ ठेवतात आणि संध्याकाळी मुलाला गाडीतून रॅरिटनच्या उपसागरावर न्यायला लावतात.

पोरगा कधीकधी स्वतः पकडलेले मासे घेऊन येतो. ते विकता येत नाहीत, हौशी माशाच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे, आणि दुकानात साफ करून द्यायलाही मालक नाही म्हणतो. मावशी त्याला पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीशी उभं राहून, सुरी कुठून घालायची ते हवेत दाखवतात. तो आता बऱ्यापैकी फिले काढतो. मोठा टेंगूळवाला आला तर आधी फोटो काढून पाठवतो, बादलीत जायच्या आत. मावशींच्या फोनमध्ये नातवंडांच्या फोटोंमध्ये असे सात-आठ निळे मासे आहेत.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी एक बाई आल्या. नव्या असाव्यात, गुडघ्यापर्यंत कोट, हातात यादी. त्यांनी बर्फावरचा सगळ्यात मोठा मासा बोटाने दाखवला, मग पोट दाबून बघितलं.

“यात गाबोळी असेल ना, मावशी? एवढा मोठा आहे.”

“नाही ताई, तो बाप आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दोन वर्षांमागं आई होता.”

बाई हसल्या. चेष्टा समजून त्यांनी शेजारच्यांकडे बघितलं, पण रांगेतलं दुसरं कुणी हसलं नाही. मावशींनी मधल्या आकाराचा एक मासा उचलला, पोटावरून अंगठा फिरवला आणि काट्यावर ठेवला. “गाबोळी हवी तर ही घ्या.” बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, दोन्ही द्या. मावशींनी मोठा मासा फळीवर घेतला. साडेअकरा वाजले होते. टेंगळावर अजून नखाएवढं निळं होतं. खवले काढायची पट्टी त्यांनी शेपटीकडून सुरू केली, डोक्यापाशी येऊन थांबली.

“मुंडी ठेवू?”